बीपी १४०/९० म्हणजे नेमकं काय? रक्तदाबाचे आकडे कसे वाचायचे आणि महाडच्या विंचवाने त्याबद्दल काय शिकवलं

बीपी तपासलं की हातात एक कागद येतो. त्यावर १३८/८६ किंवा १५०/९४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. काही जण तो आकडा पाहून घाबरतात. काही जण 'मला तर काहीच त्रास होत नाही' म्हणत कागद खिशात घालतात. एकाच आकड्यावर या दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात, कारण तो आकडा वाचायचा कसा हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बीपीचा आकडा वाचताना तीन गोष्टी सोबत पाहाव्या लागतात: तो कसा मोजला, किती वेळा मोजला आणि तो कुणाचा आहे. या तीन गोष्टी माहीत नसतील तर १५०/९४ हा आकडा अर्धवट आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर परिसराचा या विषयाशी एक खास संबंध आहे, तोही पुढे पाहू.

## वरचं आणि खालचं बीपी म्हणजे काय?

हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त जोराने रक्तवाहिन्यांमध्ये ढकललं जातं. त्या क्षणी वाहिन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो, तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं आणि पुन्हा रक्ताने भरतं. तेव्हाही वाहिन्यांमध्ये थोडा दाब शिल्लक असतो, तो खालचा आकडा. डॉक्टर त्यांना सिस्टोलिक आणि डायस्टोलिक म्हणतात.

हे आकडे मिलिमीटर पारा या एककात असतात. १२० म्हणजे पाऱ्याचा स्तंभ १२० मिलिमीटर वर उचलेल इतका दाब. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचं यंत्र इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली तयार केलं. स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकत वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढण्याची पद्धत रशियाच्या कोरोटकोव्ह यांनी १९०५ साली मांडली. आता पाऱ्याची यंत्रं मागे पडून डिजिटल यंत्रं आली, पण एकक पाऱ्याचंच राहिलं.

दोन्हींपैकी महत्त्वाचा आकडा कोणता? दोन्ही. पण पन्नाशीनंतर वरच्या आकड्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. वय वाढतं तशा मोठ्या रक्तवाहिन्या कडक होतात, वरचा आकडा चढतो आणि खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो. त्यामुळे १६५/८० असं बीपी आलं की 'खालचं तर नॉर्मल आहे' म्हणून सोडून देऊ नये. वयस्कर माणसांमध्ये उच्च रक्तदाब बऱ्याचदा असाच दिसतो.

## किती म्हणजे नॉर्मल, किती म्हणजे जास्त?

मोठ्या माणसांसाठी, दवाखान्यात नीट मोजलेल्या बीपीची साधारण विभागणी अशी आहे:

- १३०/८५ पेक्षा कमी: सामान्य.
- १३० ते १३९ किंवा ८५ ते ८९: काठावर. अजून आजार म्हणत नाहीत, पण लक्ष ठेवायला हवं.
- १४० ते १५९ किंवा ९० ते ९९: उच्च रक्तदाब, पहिली पायरी.
- १६० किंवा १०० च्या वर: उच्च रक्तदाब, दुसरी पायरी.
- १८० किंवा १२० च्या वर: तातडीने लक्ष देण्याची वेळ.

यात 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोनपैकी एक आकडा जरी वरच्या गटात गेला, तरी माणूस त्या गटात धरला जातो.

ही विभागणी इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांना धरून आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये हीच रेषा १३०/८० वर आणली. त्यामुळे इंटरनेटवर शोधलं की वेगवेगळे आकडे दिसतात आणि गोंधळ होतो. भारतातल्या सरकारी कार्यक्रमात निदानाची रेषा १४०/९० आहे.

या रेषा माणसांनी आखलेल्या आहेत, शरीराने नाही. १३९ ला सुरक्षित आणि १४० ला आजारी असं काही होत नाही. जगभरातल्या सुमारे १० लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की, ४० ते ६९ या वयात ११५/७५ च्या पुढे वरचा आकडा दर २० ने किंवा खालचा दर १० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. धोका असा हळूहळू चढत जातो. १४०/९० ही रेषा म्हणजे उपचाराचा फायदा स्पष्ट दिसू लागतो ती जागा.

## एका आकड्यावर निदान का करत नाहीत?

बीपी दिवसभर बदलत असतं. झोपेत उतरतं, पहाटे चढतं. जिना चढलात, भांडण झालं, लघवी तुंबून धरली, थंडी वाजली की वर जातं.

पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या डोंगरावरच्या वाडीतून दवाखान्यात येणाऱ्या माणसाचा विचार करा. सकाळी लवकर पायवाट उतरायची, एसटी नाहीतर सहा आसनी रिक्षा पकडायची, वाटेत चहा घ्यायचा, दवाखान्यात पोहोचल्यावर नंबर लावायचा. नंबर आला की धावत आत. त्याच क्षणी दंडाला पट्टा बांधला, तर १५४/९६ दिसलं यात नवल नाही. तेच बीपी पाच मिनिटं शांत बसल्यावर १३६/८४ येऊ शकतं.

काही जणांचं बीपी डॉक्टरांसमोर बसलं की वाढतं आणि घरी नॉर्मल असतं. याला 'पांढऱ्या कोटाचा परिणाम' म्हणतात. याच्या उलटही होतं. दवाखान्यात बीपी नॉर्मल आणि घरी किंवा कामाच्या ठिकाणी जास्त. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण तपासूनही तो हाती लागत नाही.

म्हणून साधारणपणे दोन किंवा तीन वेगवेगळ्या दिवशी, दरवेळी दोन-तीनदा मोजून, सरासरी जास्त आली तरच उच्च रक्तदाबाचं निदान होतं. अपवाद दोन: आकडा खूपच जास्त असेल तर, किंवा हृदय, मूत्रपिंड, डोळे यांवर परिणाम झाल्याची चिन्हं दिसत असतील तर डॉक्टर थांबत नाहीत.

## मोजताना होणाऱ्या चुका

खालच्या चुका साध्या आहेत, पण त्यांनी आकडा इतका फिरतो की माणूस एका गटातून दुसऱ्या गटात जातो.

- बोलत बसणं. पट्टा फुगत असताना गप्पा मारल्या तर वरचा आकडा १० पर्यंत वाढू शकतो. तपासणाऱ्यानेही तेवढा वेळ प्रश्न विचारू नयेत.
- हात लोंबकळत ठेवणं. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला टेकलेला हवा. तसा नसेल तर आकडा १० च्या आसपास जास्त येऊ शकतो.
- लघवी तुंबलेली असणं. याने १० किंवा त्याहून जास्त फरक पडतो.
- पायावर पाय टाकून बसणं, पाठ न टेकणं. दोन्हींमुळे आकडा वाढतो.
- बाहीवरून पट्टा बांधणं. पट्टा उघड्या दंडावर हवा. घट्ट बाही वर गुंडाळली तर ती दोरीसारखी आवळते, तेही नको.
- छोटा पट्टा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटं जास्त दिसतं. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर खोटं कमी दिसतं.
- आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, विडी, तंबाखू किंवा मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. 'मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते' असं सांगणाऱ्या बायकांच्या हिरड्यांतूनही निकोटिन रक्तात जातंच, आणि निकोटिनने बीपी तात्पुरतं चढतं.

पहिल्यांदा तपासताना दोन्ही हातांचं बीपी मोजावं. थोडा फरक असतोच. ज्या हाताचं जास्त येतं, तो हात पुढे कायम वापरावा. दोन हातांमधला फरक १५-२० च्या पुढे असेल आणि पुन्हा पुन्हा तसाच येत असेल, तर डॉक्टरांना सांगावं.

## घरी मोजायचं असेल तर

दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटाची आणि बोटाची यंत्रं तितकी भरवशाची नसतात. हातातल्या घड्याळावर दिसणाऱ्या बीपीवरून औषध ठरवू नका.

सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. संध्याकाळी पुन्हा तसंच. असं सात दिवस करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ते जास्त धरतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून ही रेषा दवाखान्यातल्या रेषेपेक्षा थोडी खाली आहे.

आकडे वहीत तारीख-वेळेसह लिहा. चांगला आलेला आकडा लिहायचा आणि वाईट गाळायचा, असं करू नका. दर तासाला मोजू नका. काळजीने मोजत राहिलं की काळजीनेच बीपी वाढतं.

## 'त्रास होत नाही, मग गोळी कशाला?'

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर असं की वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवत नाही. डोकं दुखणं, चक्कर, चिडचिड यांवरून बीपीचा अंदाज बांधता येत नाही. १७० बीपी असलेला माणूस शेतात दिवसभर काम करत असतो आणि १२० बीपी असलेल्याचं डोकं दुखत असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के महिला आणि २४ टक्के पुरुषांचं बीपी जास्त होतं किंवा ते बीपीची गोळी घेत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या उच्च रक्तदाबाच्या जवळपास निम्म्या लोकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं.

न जाणवणारा हा दाब वर्षानुवर्षं काम करत राहतो. हृदयाच्या स्नायूला रोज जास्त जोर लावावा लागतो, तो जाड होतो आणि पुढे थकतो. मेंदूतली वाहिनी फुटते किंवा बंद पडते, त्याला आपण लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतो. मूत्रपिंडाच्या बारीक चाळण्या खराब होतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्या बिघडतात. म्हणून बीपी जास्त निघालं की डॉक्टर लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करायला सांगतात. दाबाने आत कुठे नुकसान झालंय का, हे पाहण्यासाठी या तपासण्या असतात.

## महाडचा विंचू आणि बीपीचा आकडा

जे नुकसान एरवी व्हायला वीस वर्षं लागतात, तसलाच हृदयावरचा ताण काही तासांत दिसतो असा एक प्रसंग कोकणाला चांगला ठाऊक आहे: लाल विंचवाचा दंश.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, शिक्षण नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. त्या काळी लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, दवाखान्यात येऊनही दगावत. वेदना थांबवण्याची औषधं दिली जात, पण मुलं वाचत नसत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, बीपी, श्वास यांच्या नोंदी वेळेनुसार ठेवायला सुरुवात केली. त्यातून दंशानंतर शरीरात काय घडतं याचा क्रम समोर आला.

लाल विंचवाचं विष शरीराच्या स्वयंचलित मज्जासंस्थेला एकदम भडकवतं. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ. मग अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. त्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात आणि बीपी चढतं. आवळलेल्या वाहिन्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. फुप्फुसात पाणी साठतं, दम लागतो. शेवटी थकलेल्या हृदयामुळे बीपी कोसळतं.

आता आकड्यांकडे पाहा. एखाद्या मुलाचं बीपी दंशानंतर काही तासांनी ११०/७० दिसलं तर ते नॉर्मल वाटेल. पण तोच आकडा १६० वरून खाली घसरत आलेला असेल आणि हातपाय गार असतील, तर मूल बरं होत नसून हृदय हरत चाललेलं असू शकतं. एकच आकडा, अर्थ अगदी उलटे. कुठला अर्थ खरा, हे आधीचे आकडे आणि समोरचा रुग्ण पाहिल्याशिवाय कळत नाही.

दंशानंतर हृदयावर ताण येऊ लागल्याची लक्षणं कशी ओळखायची, यावरचं बावस्करांचं लिखाण १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाले. प्राझोसिन हे मुळात उच्च रक्तदाबाचं औषध. ते आवळलेल्या वाहिन्या सैल करतं आणि हृदयापुढचा अडथळा कमी करतं. बावस्करांच्या प्रकाशित लेखांनुसार आधी गंभीर दंशात २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

२०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा आणखी एक अभ्यास आला. महाडमधल्या ७० रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त प्राझोसिन आणि निम्म्यांना त्याबरोबर विंचवाच्या विषावरची लस दिली. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकी ९१.४ टक्के रुग्ण १० तासांत बरे झाले, फक्त प्राझोसिन मिळालेल्यांपैकी २२.९ टक्के. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

हे वाचून कुणी घरातली बीपीची गोळी विंचू चावलेल्याला देऊ नये. औषध कोणतं, किती आणि कधी हे दवाखान्यातच ठरतं, कारण बीपी आधीच कोसळलेलं असेल तर ते आणखी खाली जाऊ शकतं. विंचू चावला तर दंशाची वेळ लक्षात ठेवा, जागा कापू नका, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. उलटी, घाम किंवा हातपाय गार पडणं यांपैकी काहीही दिसलं तर वेदना कमी असली तरी लगेच दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.

## कधी धावपळ करायची?

बीपी १८०/१२० च्या वर आलं तर आधी लक्षणं पाहा.

यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा: छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक धूसर दिसणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, झटके येणं. लकव्याच्या बाबतीत पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येऊ शकतं, त्यामुळे लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ डॉक्टरांना सांगा.

काहीच लक्षण नसेल तर शांत बसा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही तितकंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घाबरून दोन-तीन गोळ्या एकदम घेऊ नका. पूर्वी जिभेखाली कॅप्सूल फोडून बीपी झटकन उतरवायची पद्धत होती, ती आता धोक्याची मानली जाते. बरेच दिवस जास्त दाबाची सवय झालेल्या मेंदूला एकदम कमी रक्त मिळालं तर त्यानेच लकवा होऊ शकतो.

## बीपी लो म्हणजे काय?

९०/६० च्या खालच्या बीपीला सहसा कमी म्हणतात. पण बारीक अंगाच्या, तरुण बायकांचं बीपी नेहमीच ९५/६० असू शकतं आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, गळून जाणं असं काही सोबत असेल तरच काळजी करायची. जुलाब, उलट्या, ताप, रक्तस्राव यांत बीपी उतरलं तर ते गंभीर आहे.

वयस्कर माणसं किंवा गोळ्या घेणारे लोक अंथरुणातून झटकन उठले की चक्कर येऊन पडतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. बसल्या-बसल्या मोजलेल्या बीपीत हे दिसत नाही.

## गरोदर बाईचं बीपी

इथे थांबून बघायला जागा कमी आहे. गरोदरपणात १४०/९० किंवा जास्त आलं की त्याच दिवशी आशाताई, नर्सताई किंवा डॉक्टरांना कळवायचं. पाच महिन्यांनंतर बीपी वाढणं आणि लघवीत प्रोटीन जाणं हे प्री-एक्लॅम्पशियाचं लक्षण असू शकतं. त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चेहरा आणि हात सुजणं, किंवा १६०/११० च्या वर बीपी, ही लगेच दवाखान्यात नेण्याची वेळ आहे. घाटापलीकडच्या वाडीत राहत असाल तर गाडीची सोय आधीच ठरवून ठेवा.

## मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून.

घरचा हिशेब सोपा आहे. चार मोठी माणसं, दिवसाला प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. तुमच्या घरात महिन्याला एक किलोची पिशवी संपत असेल, तर मीठ जास्त जातंय. शिवाय पिशवीबाहेरचंही मीठ असतं: पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, बिस्किटं, वडापावबरोबरची मिरची. कोकणात त्यात आणखी भर पडते ती खारवलेल्या माशांची, खारातल्या कैऱ्यांची आणि कोकमाच्या आगळाची. पावसाळ्याची बेगमी म्हणून हे पदार्थ घरोघरी असतात. ते सोडून द्यायची गरज नाही. खारे मासे पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका. ज्या दिवशी खारा मासा, त्या दिवशी पापड-लोणचं नको. आमसूल बिनमिठाचं मिळतं, ते वापरता येतं.

सैंधव मिठाबद्दल एक गोष्ट: तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. 'सैंधव आहे, कितीही चालेल' असं नाही. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं मीठ बाजारात मिळतं, त्याचा फायदा होतो. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. आधी विचारा.

मिठाखेरीज वजन कमी करणं, आठवड्यातून किमान १५० मिनिटं भरभर चालणं, दारू आणि तंबाखू सोडणं, फळं-भाज्या वाढवणं यांनी बीपी खरोखर उतरतं. साधारण एक किलो वजन कमी झालं की वरचा आकडा एकने उतरतो, असा ढोबळ हिशेब आहे.

## गोळ्यांबद्दल

अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही नेहमीची नावं. देशात 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा कार्यक्रम सुरुवातीला ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. ठरलेली मोजकी औषधं, जवळच्या केंद्रात महिन्याची गोळी आणि प्रत्येक रुग्णाच्या बीपीची नोंद, असं त्याचं साधं सूत्र. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतरच्या लोकांचं बीपी आणि साखर मोफत तपासतात, गोळ्याही मोफत मिळतात.

गोळी सुरू झाल्यावर बीपी १२८/८० आलं की अनेक जण ती बंद करतात. तो आकडा गोळीमुळे आलेला असतो. गोळी थांबली की काही दिवसांत बीपी पुन्हा वर जातं आणि काही औषधांच्या बाबतीत तर एकदम उसळतं. वजन आणि मीठ कमी करून गोळ्या कमी होऊ शकतात, पण ते डॉक्टरांनी आकडे बघून ठरवायचं.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तसंच. डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल न विचारताही सांगा.

महाड-पोलादपूरच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं आणि तळिये गावावर दरड कोसळली. अशा वेळी घरातली औषधंही जातात आणि रस्ते बंद झाले की नवीन मिळत नाहीत. पावसाळ्याआधी पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या प्लास्टिकच्या बंद पिशवीत भरून हाताशी ठेवा. गोळ्यांच्या पाकिटाचा आणि शेवटच्या केसपेपरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि तो मुंबईला असलेल्या मुलाला किंवा मुलीलाही पाठवून ठेवा. गोळी कुठली चालू होती हे फोटोवरून कुठलाही डॉक्टर सांगू शकतो. 'पांढरी, छोटी, गोल गोळी' यावरून कुणीच सांगू शकत नाही.

## नेहमीचे प्रश्न

वय अधिक १०० म्हणजे नॉर्मल बीपी, हे खरं का?
नाही. या हिशेबाने साठीच्या माणसाला १६० नॉर्मल ठरतं. ते नॉर्मल नाही.

बीपी फक्त जाड माणसांना होतं का?
नाही. काटक, कष्ट करणाऱ्या माणसांनाही होतं. आईवडिलांना असेल तर लवकर तपासा.

लसूण किंवा अमुक रस घेतला तर गोळी बंद करता येते का?
लसूण जेवणात जरूर खा. पण त्याने १६० चं १२० होत नाही. गोळी बंद करून असे प्रयोग करू नका.

गोळीची सवय लागते का?
व्यसन लागतं त्या अर्थाने नाही. चष्मा काढला की दिसणं पुन्हा धूसर होतं, तसंच गोळी काढली की बीपी पुन्हा चढतं.

कितीदा तपासावं?
तिशीनंतर बीपी नॉर्मल असेल तर वर्षातून एकदा. काठावर असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. गोळी चालू असेल तर डॉक्टर सांगतील तसं, साधारण महिन्याला.

## थोडक्यात

- पाच मिनिटं बसा, पाठ आणि हात टेका, बोलू नका, दोनदा मोजा.
- एका आकड्यावर घाबरू नका आणि एका चांगल्या आकड्यावर गोळीही सोडू नका. तारखेसह आकड्यांची यादी ठेवा.
- दवाखान्यात १४०/९०, घरी १३५/८५: याच्या वर सरासरी गेली की डॉक्टरांना भेटा.
- १८०/१२० च्या वर आणि सोबत लक्षणं, किंवा गरोदरपणात १४०/९०: वाट पाहू नका.
- त्रास होत नाही हा पुरावा धरू नका. घरात तिशी ओलांडलेलं कुणी असेल आणि वर्षभरात बीपी मोजलेलं नसेल, तर या आठवड्यात त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा.

*ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.*